दारू सुटली, पण राहायचं कुठे?

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडायच्या आदल्या दिवशी समुपदेशक पेशंटला विचारतात, "उद्या न्यायला कोण येतंय?" बहुतेकांची बायको येते, भाऊ येतो, कुणाचा म्हातारा बाप एसटीने येतो. पण काहींना न्यायला कुणीच येणार नसतं. त्यांना जायला एकच जागा माहीत असते, ती म्हणजे स्टेशनबाहेरची भिंत, उड्डाणपुलाखालचा कोपरा किंवा मंडईच्या मागची फळी. ओळखीची माणसं तिथेच असतात, आणि गुत्ताही तिथून चार पावलांवर असतो. महिनाभराची औषधं, समुपदेशन आणि त्या माणसाचे स्वतःचे कष्ट हे सगळं त्या एका संध्याकाळी वाया जाऊ शकतं.

बेघर आणि व्यसनी माणूस पुन्हा उभा राहतो, हे मी पाहिलंय. एखादी पाटी पुसावी तसं ते एका फटक्यात होत नाही. एकामागून एक बरीच कामं करावी लागतात आणि ती निरनिराळी माणसं करतात. दवाखाना उतारा, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा शरीराचा त्रास, सांभाळतो, केंद्र महिनाभर सांभाळतं, महापालिका निवारा देते, तलाठ्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाकडे एकेक कागद असतो. माणूस हातचा जातो तो या सगळ्यांच्या मधल्या जागांमध्ये, दवाखान्यातून केंद्रात जाताना, केंद्रातून निवाऱ्यात जाताना. त्या जागा कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. समाजाचा आधार नेमका तिथे लागतो, म्हणून या लेखात त्या जागांबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवात रस्त्यापासून करू. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, त्यातली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रातली. यातले सगळे व्यसनी नाहीत, हे ठासून सांगायला हवं. फूटपाथवर राहून हमाली करणारी, फुलं विकणारी, पोरं शाळेत पाठवणारी कुटुंबं आपण रोज पाहतो. पण जे व्यसनी आहेत त्यांच्याबद्दल आपण एक गोष्ट उलटी धरून चालतो. प्यायला म्हणून रस्त्यावर आला, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तसं असतंही. पण रस्त्यावर आला म्हणून प्यायला लागला, असेही खूप आहेत. फूटपाथवर शुद्धीत झोपणं अवघड असतं. डास, थंडी, डोक्याशी धावणाऱ्या गाड्या, चप्पल चोरीला जायची भीती, पोलिसांची काठी. अशा वेळी एक क्वार्टर पोटात गेली की झोप लागते. स्टेशनवरची पोरं व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगतात, कारण त्याने भूक मरते. नशा त्यांच्यासाठी काहीतरी काम करत असते. ते काम दुसऱ्या कशाने तरी होईल अशी सोय केल्याशिवाय "सोडून दे" म्हणण्यात अर्थ नसतो.

रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते त्यामुळेच पहिल्या भेटीत व्यसनाचा विषय काढत नाहीत. मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्या आणि सुईने नशा घेणाऱ्यांमध्ये 'संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट'सारख्या संस्था वर्षानुवर्षं काम करताहेत. अशा कामाची सुरुवात बहुधा जखमेपासून होते. सुई टोचून टोचून हाताला गळू झालेलं असतं, पायाची जखम चिघळलेली असते, क्वचित तीत अळ्याही पडलेल्या असतात. कार्यकर्ता फूटपाथवरच उकिडवा बसतो, हातमोजे घालतो, जखम सलाइनच्या पाण्याने धुतो, मलम लावून पट्टी बांधतो आणि "परवा परत येतो, पट्टी बदलायला" असं सांगून जातो. आणि परवा तो खरंच येतो. यात परवा येण्याला फार किंमत असते, कारण त्या माणसाला दिलेला शब्द कुणी पाळल्याला कैक वर्षं झालेली असतात. अशा पाच-सात पट्ट्यांनंतर एक दिवस तो स्वतःच विचारतो, "हे सुटतं का हो?" तोवर थांबायची तयारी ज्याच्याकडे नाही त्याने या कामात पडू नये.

सुटतं, पण एकदम सोडायचं नसतं. दारूच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो. याला डिलिरियम म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत देऊन रोज कमी करत नेतात. त्याच्या जोडीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, भरपूर द्यावं लागतं. वर्षानुवर्षं दारूवर जगलेल्या उपाशी शरीरात ते जवळजवळ संपलेलं असतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गर्दचा उतारा, ज्याला नशेच्या दुनियेत 'टर्की' म्हणतात, त्याची तऱ्हा वेगळी. हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. हे दोन-तीन दिवसांनी कळसाला पोचतं आणि आठवडाभराने ओसरतं. सहसा ते जीव घेत नाही, पण माणसाला पळवून लावतं. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं असतात. गर्दच्या काही रुग्णांना ती पुढेही दीर्घकाळ द्यावी लागतात आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

औषधं स्वस्त आहेत, सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात. अडतं ते केसपेपरवर. "सोबत कोण आहे?" हा प्रश्न येतो. रुग्णाजवळ बसायला, एक्स-रेला न्यायला, रक्त तपासणीचा रिपोर्ट आणायला कुणीतरी लागतं. बेघर माणसाला सोबत नसते आणि सोबत नसली की भरती टळते, किंवा भरती झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सलाइन काढून निघून जातो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले विकार मानसिक आजारांत धरले आहेत. निराधार आणि बेघर व्यक्तींना मोफत उपचारांचा हक्कही त्यात आहे, त्यासाठी बीपीएल कार्ड असण्याची अट नाही. हक्क कागदावर पक्का आहे. तो वॉर्डात उतरवायला मात्र पाच-सहा रात्री बाकड्यावर बसणारा एक माणूस लागतो. शहरात एखाद्या मंडळाला, महाविद्यालयातल्या एनएसएसच्या पोरांना, निवृत्त झालेल्या चार जणांना बेघरांसाठी काही करायची इच्छा असेल, तर ब्लँकेटवाटपापेक्षा त्यांनी हे काम आधी हाती घ्यावं असं माझं मत आहे.

उतारा झाला की पुनर्वसनाचा मुक्काम सुरू होतो. आपल्याकडे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण पुण्याचं 'मुक्तांगण'. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते उभं केलं त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांनी. १९९७ साली त्या गेल्या, पण त्यांनी घालून दिलेल्या दोन गोष्टी पुढे अनेक केंद्रांनी उचलल्या. एक म्हणजे मार नाही, कोंडून ठेवणं नाही, अपमान नाही. दुसरी, बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते करायचं. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, योगासनं, साफसफाई, गटात बोलणं, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं. बाहेरून पाहणाऱ्याला हे साधं वाटतं. पण फूटपाथवरच्या माणसाला ठरलेल्या वेळी जेवण, रोज आंघोळ आणि रात्री दिवा मालवून झोपणं हेसुद्धा नव्याने शिकावं लागतं. अंथरुणाखाली पोळी लपवून ठेवणारे असतात. पहिले काही दिवस गादीवर झोप येत नाही म्हणून खाली फरशीवर झोपणारेही असतात. समंजस कार्यकर्ता त्यावरून रागावत नाही.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले, आणि योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. योगासनांना त्यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात पक्कं स्थान दिलं. इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना घरातून उचलून नेणारी, डांबून ठेवणारी, मारझोड करणारी ठिकाणंही आहेत. केंद्र नोंदणीकृत आहे का, डॉक्टर रोज येतात का, नातेवाइकाला रुग्णाशी एकट्याने बोलू देतात का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणालाही कुठे भरती करू नये. ज्याला विचारणारं कुणी नाही अशा बेघर माणसासाठी तर हे आपणच विचारायचे.

आता ती संध्याकाळ, जिच्यापासून लेख सुरू झाला. केंद्रातून निघालेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणजे महापालिकेचं निवारा केंद्र. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याबाबत राज्यांना आदेश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष ठरवला, एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, चोवीस तास उघडा. २०११च्या लोकसंख्येवर हिशेब केला तरी मुंबईला सव्वाशेच्या आसपास आणि पुण्याला तीसेक निवारे लागतात. प्रत्यक्षात ते फार कमी आहेत. आणि जे आहेत त्यांच्या दारावर बहुधा एक नियम असतो, नशेत असलेल्याला प्रवेश नाही. नियम समजण्यासारखा आहे. आत बायका-मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. पण त्याचा परिणाम असा होतो की ज्याला निवाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो, आणि एका संध्याकाळी घसरलेला माणूस त्याच रात्री पुन्हा फूटपाथवर येतो.

या नियमावर जगात मोठा वाद झाला आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम लावून पाहिला. आधी स्वतःच्या नावावर खोली द्यायची, कसलीही अट न घालता, आणि उपचारांचं मागून बघायचं. 'हाउसिंग फर्स्ट' म्हणून ही पद्धत ओळखली जाते. २००८पासून फिनलंडने ती राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली आणि मोठमोठ्या सामायिक वसतिगृहांचं रूपांतर स्वतंत्र घरांत केलं. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर याचा अभ्यास झाला. शेवटच्या सहा महिन्यांत, ज्यांना थेट घर दिलं त्यांच्यातले ६२ टक्के पूर्ण काळ घरात टिकले होते. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण ३१ टक्के होतं. म्हणजे आधी व्यसन सोड, मग छप्पर मिळेल, ही अट घालून फार काही साधत नाही. पण त्याच अभ्यासात नशापाणी कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. घर मिळाल्याने घर टिकतं. व्यसनासाठी वेगळी मेहनत घ्यावीच लागते. मला या दोन्ही निष्कर्षांतून मिळून एकच गोष्ट दिसते, की खोली आणि उपचार एकमेकांची वाट पाहत थांबता कामा नयेत.

आपल्याकडे कोरी सदनिका कुणी हातात देणार नाही. आपल्याकडे आहे ते 'कॉट बेसिस'. पुण्यामुंबईत नोकरी शोधत आलेल्या लाखो पोरांना याच पद्धतीने शहराने थारा दिला आहे. एक कॉट, एक लोखंडी कपाट, खाली खाणावळ. व्यसनातून उठलेल्या माणसासाठीही ही सोय चालते, पण एकट्याने नव्हे. तीन-चार जणांनी मिळून खोली घ्यायची, त्यातला एक तरी दोन-तीन वर्षं न प्यायलेला असावा. भाडेकरार आणि अनामत संस्थेच्या किंवा एखाद्या विश्वासू माणसाच्या नावावर. घरमालकाला आधीच खरं सांगायचं. लपवून घेतलेली खोली पहिल्या कुजबुजीला सुटते. मालकाला फोन करायला एक नंबर दिलेला असला आणि तो फोन उचलला जातो याची खात्री पटली, तर माझ्या पाहण्यात तरी घरमालक आपण समजतो तेवढे कठोर नसतात. बायकांसाठी मात्र हा मार्ग अजून फारच अरुंद आहे. रस्त्यावरच्या व्यसनी स्त्रीला नशेबरोबर अत्याचाराचाही मारा सोसावा लागतो. मुक्तांगणच्या 'निशिगंध'सारखे स्त्रियांसाठीचे स्वतंत्र विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यापुढच्या मुक्कामाला खोल्या तर जवळपास नाहीतच.

खोलीनंतर लागते संध्याकाळ भरून काढणारी जागा. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ पिणाऱ्याच्या अंगात मुरलेला असतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए'च्या बैठका नेमक्या याच वेळेला असतात. महापालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग किंवा चर्चचा हॉल. तिसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. एक जण समोरच्या टेबलाशी, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि बोलतो. कुणी मध्ये तोडत नाही, सल्ला देत नाही. रिक्षावाला बोलतो, मग बँकेतला अधिकारी, मग परवापर्यंत पुलाखाली असलेला. एक पिशवी फिरते, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, त्यातून चहा आणि जागेचं भाडं. बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक. आडनाव कुणी विचारत नाही. आपल्याकडे आडनाव विचारलं की गाव, जात, भावकी मागोमाग येतात आणि ज्याने हे सगळं गमावलंय त्याची जीभ तिथेच अडखळते. इथे त्याला त्यातलं काहीच सांगावं लागत नाही. बैठक संपल्यावर जिन्यात जो अर्धा तास गप्पांचा होतो, कोण कुठे काम करतो, कुणाकडे जुनी सायकल पडून आहे, तोही मला बैठकीइतकाच मोलाचा वाटतो.

ही पद्धत जन्मली तीच एका बेवड्याला दुसऱ्या बेवड्याची गरज लागल्यामुळे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा शेअर-दलाल एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्यात फटका बसलेला, शेजारी बार उघडा. आपण पुन्हा पिणार हे त्याला कळत होतं. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत, आपल्याला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय असं विचारत सुटला. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब या शस्त्रवैद्याशी पडली. १० जून १९३५ हा डॉक्टर बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच संघटनेचा स्थापनादिन मानतात. दुसऱ्याला सावरताना आपण सावरतो, हे यातलं इंगित. ते नुसतं श्रद्धेवर सोडायची गरज नाही. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्यावर आधारलेले उपचार इतर मान्य पद्धतींच्या तोडीचे किंवा त्यांहून सरस ठरले. एएच्या पायऱ्यांमधला देवाचा उल्लेख सगळ्यांनाच रुचत नाही, काहींना गटात बोलणं जमत नाही. त्यांच्यासाठी केंद्राचे फॉलोअपचे गट असतात. कुठला गट हे महत्त्वाचं नाही, आठवड्यातल्या कुठल्या वारी कुठे जायचं हे ठरलेलं असणं महत्त्वाचं.

कागदपत्रांचं काम रटाळ, पण त्यावाचून पुढचं काहीच हलत नाही. पुष्कळ बेघरांचं आधार कार्ड कधीकाळी निघालेलं असतं आणि पिशवीसकट चोरीला गेलेलं असतं. नवीन अर्ज केला की तो फेटाळला जातो, कारण बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात. म्हणून आधी आधार केंद्रावर ठशांवरून जुना नंबर शोधायचा. ठसे हमालीने झिजलेले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून. अजिबातच नसेल तर नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांचंही चालतं. मतदार यादीत नाव घालायला तर घराचा पुरावाच लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन, अर्जदार खरंच तिथे झोपतो का, हे एकाहून जास्त रात्री पाहतो आणि नाव नोंदवतो. बँकेत कागदांशिवाय छोटं खातं निघतं, नुसता फोटो आणि सही-अंगठा देऊन. त्यात एका वेळी ५० हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते, वर्षाला १ लाख भरता येतात, महिन्याला १० हजार काढता येतात. वर्षभरात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं की मुदत वाढते. हे सगळं बँकेतल्या काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून निवृत्त बँक कर्मचारी सोबत गेला तर तासाभरात जे होतं, ते एकट्याने गेलेल्याला महिना महिना होत नाही.

खात्याचा संबंध थेट दारूशी आहे. व्यसनातून उठलेल्या माणसाला मिळतात ती कामं रोजंदारीची. नाक्यावरची बिगारी, केटररकडे भांडी, हाउसकीपिंग, वॉचमन. संध्याकाळी हातात रोख पडते, अंग दुखत असतं, पोटात भूक असते आणि सोबतचे चौघं गुत्त्याकडे वळतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी काहीही चढलं की तलफ येते असं एएमध्ये सांगतात. रोजंदारीवाल्याच्या संध्याकाळी ही चारही एकत्र भेटतात. म्हणून पहिलं वर्षभर पगार खात्यात जावा, रोजच्या खर्चापुरते पैसे हातात असावेत, मालकाकडून उचल घेऊ नये. कामावरून सुटल्यावर आधी जेवायचं, मग बैठकीला जायचं. लग्नाच्या केटरिंगचं काम टाळलेलं बरं, तिथे उरलेल्या बाटल्या समोर येतात. आणि दात! पुढचे चार दात पडलेला माणूस मुलाखतीत तोंडावर हात ठेवून बोलतो आणि त्याला काम मिळत नाही. दंतवैद्यकीय महाविद्यालयात कवळी स्वस्तात बसते. ज्या संस्थांनी आपल्या यादीत कवळी आणि चष्मा हे खर्च घातलेत त्यांना हे काम खरंच कळलंय असं मी मानतो.

घरच्यांबद्दल फार हळवं होऊन चालत नाही. "आता तो सुधारलाय, घरात घ्या" असं म्हणत कार्यकर्त्याने दारात उभं राहणं मला चुकीचं वाटतं. त्या बायकोने मंगळसूत्र गहाण पडताना पाहिलेलं असतं, मार खाल्लेला असतो. तिचा अविश्वास तिने सोसून मिळवलेला आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. आधी समुपदेशकाने फोन करायचा, तो जिवंत आहे आणि ठीक आहे एवढंच सांगायचं. मग महिन्याभराने, घरच्यांची तयारी असेल तर, दिवसाउजेडी एखादी भेट, तीही घराबाहेर. पैसे मागायचे नाहीत. जमले तर थोडे पाठवायला सुरुवात करायची, मुलीच्या वह्यांपुरते का होईना. दरम्यान बायकांचा स्वतःचा आधारगट असतो. मुक्तांगणचा 'सहचरी' आहे, एएच्या जोडीने चालणारा अल-अनॉन आहे. नवरा परतला नाही तरी तिने तिथे जावं. काही घरं कधीच उघडत नाहीत. मग खोलीतले ते तीन-चार जण हेच घर, दिवाळीला फराळ तिथेच.

आणि घसरण. उपचारानंतर पहिल्या वर्षात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा नशेकडे वळतात असं अनेक अभ्यास सांगतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही गोळ्या-पथ्य सोडून आजार उलटण्याचं प्रमाण साधारण असंच किंवा जास्त आहे, आणि तिथे आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही. गटातली माणसं याला 'स्लिप' म्हणतात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात. खोलीचा नियम आधीच ठरवून ठेवावा. प्यायलेल्या माणसाने त्या रात्री कुठे झोपायचं, सकाळी त्याच्यासोबत कोण बसेल, केंद्राला कोण कळवेल. त्याला रस्त्यावर काढायचं नाही, पण त्या रात्री इतरांच्या खोलीतही ठेवायचं नाही. त्यासाठी निवाऱ्यातली किंवा संस्थेतली एक खाट राखीव ठेवावी लागते.

गर्द सोडलेल्याच्या बाबतीत एक धोका सगळ्या सोबत्यांना माहीत असायलाच हवा. महिना-दोन महिने बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून तो मरू शकतो. हाक मारून, छाती चोळूनही जागा होत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा तुटक श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा आणि काय घेतलंय ते लपवायचं नाही. श्वास थांबला तर कृत्रिम श्वास द्यायचा.

२०१८ साली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाख लोक आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत. तुमच्या गल्लीतल्या कुणासाठी तो लावणार असाल तर आधी त्याला विचारा आणि चार गोष्टी हाताशी ठेवा. तो काय घेतो, शेवटचं कधी घेतलं, पूर्वी कधी फिट आली होती का, आणि भरतीच्या दिवशी सोबत कोण जाईल.